जवळचे कर्तव्य : विनोबांची धुळे येथील गीताप्रवचने आणि तरुण मन

काही दिवसांपूर्वी पाचोरा येथे पदवीच्या विद्यार्थ्यांपुढे गीतेतील कर्मयोगावर बोलण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. व्याख्यान संपल्यावर मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उठला आणि त्याने सरळ विचारले, "सर, फळाची आशाच सोडायची, तर आम्ही परीक्षेला बसायचे तरी कशाला?" वर्गात हशा पिकला, परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तो विद्यार्थी कापूस पिकविणाऱ्या घरातला. पाऊस वेळेवर आला तर भाव पडतो आणि भाव चढला तर बोंडअळी पीक खाते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले. स्वतः तो दिवसभर अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. जागा थोड्या आणि उमेदवार अपार, हेही त्यास ठाऊक. फळ आपल्या हाती नसते, हे त्याला गीतेने सांगण्याची आवश्यकता नव्हती. फळाचा भरवसा नसताना मन लावून काम कसे करावे, एवढेच त्यास हवे होते, आणि व्याख्यानात ते त्याला मिळाले नव्हते.

या प्रश्नाचा विचार करताना ध्यानी आले की त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. शेजारच्या धुळे शहरातील तुरुंगात १९३२ साली, जवळजवळ अशाच मनःस्थितीत असलेल्या श्रोत्यांपुढे, विनोबा भावे यांनी गीतेवर अठरा प्रवचने केली, आणि ती एका शिक्षकाने लिहून घेतली. एखाद्या आध्यात्मिक आचार्याच्या विचारांनी तरुण मनास प्रेरणा मिळते म्हणजे नेमके काय घडते, हे त्या प्रसंगाच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. प्रेरणा, उपदेश आणि अनुकरण

संतमहंतांच्या विचारांपासून तरुणांनी प्रेरणा घ्यावी, हे वाक्य जयंत्या-पुण्यतिथ्यांच्या सभांतून इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याचा अर्थ विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः या एका शब्दाखाली तीन निरनिराळे व्यापार एकत्र आलेले असतात. पहिला उपदेशाचा. वडीलधाऱ्याने सांगावे, तरुणाने ऐकावे आणि दोघांनी समाधानाने घरी जावे. दुसरा अनुकरणाचा. यात गुरूचा वेष, आहार, बोलण्याची ढब आणि मते उचलली जातात. तिसरा व्यापार खऱ्या अर्थाने प्रेरणेचा होय. विचार ऐकून श्रोत्याच्या अंगी मुळातच असलेली शक्ती कामास लागते, आणि ते काम गुरूचे नसून श्रोत्याचे स्वतःचे असते.

हा भेद मान्य केला म्हणजे पुढील गोष्ट ओघानेच येते. एखाद्या विचाराने प्रेरणा दिली की नाही, याचा निर्णय वक्त्याच्या थोरवीवरून करता येत नाही. तो श्रोत्याच्या पुढील आयुष्यावरून करावा लागतो. त्यासाठी वक्ता व श्रोता या दोघांचेही चरित्र ज्ञात असलेले उदाहरण हवे. अशी उदाहरणे फार नाहीत. श्रोत्यांची नावे इतिहासात बहुधा उरत नाहीत. धुळ्याच्या प्रवचनांचे वैशिष्ट्य हेच की तेथील एका श्रोत्याचे जीवन महाराष्ट्रास वक्त्याच्या जीवनाइतकेच परिचित आहे. ते श्रोते म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, अर्थात साने गुरुजी.

२. धुळ्याचा तुरुंग, १९३२

गोलमेज परिषदेहून परतलेल्या गांधीजींना ४ जानेवारी १९३२ रोजी अटक झाली. सविनय कायदेभंगाची चळवळ पुन्हा सुरू झाली आणि देशातील तुरुंग सत्याग्रहींनी भरू लागले. त्या काळी धुळे हे पश्चिम खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते, तर पाचोरा, अमळनेर, जळगाव ही पूर्व खानदेशातील गावे होत. धुळ्याच्या तुरुंगात खानदेशातील कार्यकर्त्यांबरोबर बाहेरचे राजबंदीही होते. त्यांत जमनालाल बजाज होते आणि विनोबाही होते.

विनोबांचे वय त्या वेळी छत्तीस वर्षांचे होते. कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस जात असता ते वाटेत सुरतेस उतरले आणि परीक्षेस न जाता काशीस गेले. आपली प्रमाणपत्रे त्यांनी त्यापूर्वीच घरच्या चुलीत जाळली होती. त्याच वर्षी जूनमध्ये ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले आणि १९२१ पासून वर्धा ही त्यांची कर्मभूमी झाली. संस्कृत गीता आपणास समजत नाही, तेव्हा ती सोप्या मराठीत हवी, अशी त्यांच्या आईची इच्छा होती. आई १९१८ साली निवर्तली. तिच्या इच्छेतून झालेली 'गीताई' ही समश्लोकी रचना १९३०-३१ च्या हिवाळ्यात पूर्ण झाली. म्हणजे धुळ्यास येण्यापूर्वी काही महिने विनोबा गीतेच्या प्रत्येक शब्दाशी झुंजत होते. तुरुंगातील प्रवचनांमागे ही सिद्धता होती.

प्रवचनांस २१ फेब्रुवारी १९३२ रोजी, रविवारी, प्रारंभ झाला. दर रविवारी एक अध्याय याप्रमाणे १९ जूनपर्यंत अठरा आठवड्यांत अठरा अध्याय पुरे झाले. पुढे ती 'गीता-प्रवचने' या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि भारतातील अनेक भाषांत त्यांचे अनुवाद झाले.

मराठीत गीतेवरील चिंतनाची परंपरा ज्ञानेश्वरीपासूनची, म्हणजे शके १२१२ पासूनची आहे. विसाव्या शतकातील तिचे दोन प्रमुख टप्पे तुरुंगात घडले, ही गोष्ट लक्षणीय आहे. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिले. ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. परंतु या दोन ग्रंथांची घडण भिन्न आहे. टिळक एकांतात, पौर्वात्य व पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा परामर्श घेत विद्वानांशी वाद करीत होते. विनोबांपुढे प्रत्यक्ष माणसे बसलेली होती, आणि त्यांत सर्व तऱ्हेची माणसे होती. कोणाचे शिक्षण सुटले होते, कोणाची नोकरी गेली होती, कोणाच्या शेतीकडे पाहण्यास घरी कोणी उरले नव्हते. चळवळीला यश येईल की नाही, आले तर केव्हा, हे कोणीही सांगू शकत नव्हते. ज्यांनी कर्म केले आहे आणि ज्यांचे फळ अनिश्चित आहे, अशा श्रोत्यांस फलत्यागाचा विचार सांगणे आणि सुरक्षित सभागृहात तो सांगणे यांत महदंतर आहे. शिवाय वक्ता त्यांच्याबरोबरच कोंडलेला होता. शरीरश्रमास तो व्रत मानीत होता आणि तुरुंगातील अन्न तेच खात होता. शब्दांस वजन येते ते काही अंशी अशा गोष्टींमुळे.

३. प्रवचनांतील तीन विचार

अठरा प्रवचनांचा संपूर्ण परामर्श येथे शक्य नाही. तरुण मनाच्या दृष्टीने ज्यांचे महत्त्व विशेष, असे तीन विचार पाहू.

पहिला विचार स्वधर्माचा. अर्जुन युद्धास नकार देतो तेव्हा तो अहिंसावादी झालेला असतो काय, असा प्रश्न विनोबा आरंभीच घेतात, आणि एका न्यायाधीशाचे उदाहरण देतात. या न्यायाधीशाने शेकडो अपराध्यांस फाशी दिलेली असते. परंतु एके दिवशी आरोपी म्हणून त्याचा स्वतःचाच मुलगा समोर येतो, आणि तत्क्षणी त्यास फाशीची शिक्षा किती अमानुष आहे याचे तत्त्वज्ञान सुचू लागते. युक्तिवाद कदाचित खरा असेल, पण तो न्यायाधीशाच्या तोंडी मोहातून आला आहे. तरुण वयात मोठमोठ्या तत्त्वांच्या आड आपण स्वतःची भीती वा आवड लपवितो, हे ज्यास एकदा कळले त्यास आत्मपरीक्षणाचे साधनच मिळाले. त्यापुढे विनोबा सांगतात की स्वधर्म शोधण्यास कोठे जावे लागत नाही. आई जशी निवडावी लागत नाही, ती मिळालेलीच असते, तसा स्वधर्मही जन्माबरोबर आपल्यापाशी आलेला असतो. आईबाप, शेजारी, ज्या समाजात आपण वाढलो तो समाज, यांची सेवा हे आपले आद्य कर्तव्य होय. मोठे व दूरचे कार्य मनाला ओढते. जवळचे लहान काम कंटाळवाणे वाटते. विनोबांचा कौल जवळच्या कामाला आहे.

दुसरा विचार फलत्यागाचा. येथेच पाचोऱ्याच्या विद्यार्थ्याचा प्रश्न येऊन भिडतो. फळाची आशा सोडली म्हणजे काम ढिले होईल, अशी सर्वसाधारण समजूत असते. विनोबांचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. ज्याचे अर्धे लक्ष फळाकडे लागले आहे, त्याचे कामाकडे अर्धेच लक्ष उरते. ज्याने फळाचा विचार बाजूस ठेवला, त्याचे सगळे चित्त कामात उतरते, म्हणून त्याचे काम अधिक चांगले झाले पाहिजे. फलत्याग हा अशा रीतीने कर्मकौशल्याचा उपाय ठरतो. येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. त्याग हा ज्याचा त्यानेच करावयाचा असतो. मजुरास मजुरी न देता, शिक्षकास महिनोन्‌महिने वेतन न देता त्यास निष्काम कर्माचा उपदेश करणे, हे त्याच्या फळाचे अपहरण होय. तरुणांच्या मनात गीतेविषयी जी अढी कधीकधी आढळते, तिचे मूळ अशा दुरुपयोगात आहे, हे आपण अध्यापकांनी प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

तिसरा विचार विकर्माचा. चौथ्या अध्यायातील कर्म, अकर्म व विकर्म या त्रयीचा अर्थ लावताना विनोबा पूर्वाचार्यांहून निराळी वाट घेतात. शांकरभाष्यात विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म. विनोबा त्याचा अर्थ विशेष कर्म, म्हणजे बाह्य क्रियेस मिळालेली मनाची साथ, असा करतात. हात राबतात ते कर्म. त्यात मन ओतले जाते ते विकर्म. आणि दोन्ही एकरूप झाली की कर्माचे ओझे नाहीसे होते, ते अकर्म. शब्दार्थाच्या दृष्टीने हा अर्थ वादग्रस्त म्हणता येईल, आणि अभ्यासकाने त्याची नोंद घेतलीच पाहिजे. परंतु अनुभवाच्या दृष्टीने तो कोणासही पटण्यासारखा आहे. पाठ्यपुस्तकातील उत्तर वहीत उतरून काढणारे दोन विद्यार्थी बाहेरून सारखेच दिसतात. एकाचा हात चालतो आणि मन बाहेर हिंडते. दुसरा प्रत्येक वाक्यास 'हे असे का?' म्हणून विचारतो. पहिला तासाभरात थकतो. दुसऱ्याला वेळेचे भान राहत नाही. कामाचा शीण कामाने येतो त्यापेक्षा कामातील दुजेपणाने अधिक येतो.

विचारांइतकीच त्यांच्या मांडणीची पद्धतही ध्यानात घेण्याजोगी आहे. दहाव्या अध्यायावर बोलताना विनोबा ईश्वरदर्शनाची तुलना अक्षरओळखीशी करतात. मुलास आधी मोठी, साधी अक्षरे शिकवितात. ती आली की जोडाक्षरे. त्याचप्रमाणे आई, गुरुजन, नदी, सूर्य यांत ईश्वर पाहणे हे साधे अक्षर. राम हे साधे अक्षर आहे, रावण हे जोडाक्षर. पण पुस्तक संपूर्ण वाचावयाचे तर जोडाक्षरही वाचता आले पाहिजे. गहन सिद्धान्त शाळेच्या पाटीवर आणून ठेवण्याची ही हातोटी शिक्षकाची आहे. समोर बसून लिहून घेणारा मनुष्यही शिक्षकच होता.

४. लेखनिकाची वाट

साने गुरुजींचा जन्म कोकणातील पालगड येथे २४ डिसेंबर १८९९ रोजी झाला. अमळनेर येथे श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने १९१६ साली स्थापन झालेल्या तत्त्वज्ञान मंदिरात ते अध्ययनासाठी आले, आणि १९२४ पासून तेथील शाळेत शिक्षक झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली. छात्रालयाची जबाबदारी आली तेव्हा मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे आवरून ठेवणे अशी कामे ते न बोलता स्वतः करीत. 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक ते मुलांसाठी चालवीत. १९३० साली शाळा सोडून ते सत्याग्रहात उतरले. त्या वेळच्या तुरुंगवासाचा काही काळ धुळ्यास, काही त्रिचनापल्लीस गेला. १९३२ च्या आरंभी पुन्हा धुळे. तेथे विनोबा भेटले.

या पूर्ववृत्तावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. विनोबांनी साने गुरुजींस सेवा शिकविली असे म्हणता येणार नाही. ती त्यांच्या ठायी आधीपासून होती. छात्रालयात मुलांच्या खोल्या झाडणाऱ्या शिक्षकास विकर्म या शब्दाचा अर्थ समजावून द्यावा लागला नसेल. प्रवचनांनी बहुधा एवढेच केले असावे की जे स्वभावाने घडत होते त्यास विचाराचे अधिष्ठान मिळाले. प्रेरणा रिकाम्या पात्रात ओतली जात नाही. ती असलेल्या ठिणगीवर फुंकर घालते. ज्याच्या हाती कोणतेच काम नाही अशा तरुणास थोर विचार ऐकविला तर तो क्षणभर भारावतो आणि मग विसरतो. म्हणून तरुणांस विचार देण्यापूर्वी, निदान त्याबरोबर, काम देणे अवश्य आहे, हा या प्रसंगातून मिळणारा पहिला धडा.

दुसरा धडा पुढील घटनांतून मिळतो. विनोबांच्या सहवासानंतर साने गुरुजी विनोबांची प्रतिकृती झाले नाहीत. विनोबांचा पिंड विरक्त, मितभाषी, गणिताची आवड असलेला. साने गुरुजींचा भावनाशील, अश्रूंनी भरलेला, कथा सांगणारा. धुळ्याच्या प्रवचनांनंतर वर्षभराच्या आत, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. स्वधर्म आईप्रमाणे जन्माबरोबर लाभतो, असे ज्याने प्रवचनात ऐकले, त्याने आईच्या आठवणींतूनच आपले सर्वांत प्रसिद्ध पुस्तक लिहावे, हा योगायोग असेल. पण तो अर्थपूर्ण योगायोग आहे. १९३६ च्या डिसेंबरात पूर्व खानदेशातील फैजपूर येथे पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. त्याच्या यशासाठी साने गुरुजी गावोगाव हिंडले. १९३८ साली अमळनेरहून त्यांनी 'काँग्रेस' साप्ताहिक सुरू केले. शेतकऱ्यांची शेतसाऱ्यात सूट मिळावी म्हणून आणि गिरणी कामगारांच्या प्रश्नांसाठी ते झगडले. समाजवादी तरुणांचे ते स्नेही व मार्गदर्शक झाले. यांपैकी बरीच कामे विनोबांच्या आश्रमीय मार्गात बसणारी नव्हती.

सर्वांत बोलका प्रसंग १९४७ चा. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस खुले व्हावे, यासाठी महाराष्ट्रभर दौरा करून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूर येथे उपोषण आरंभिले. गांधीजींस ते उपोषण मान्य नव्हते, आणि त्यांनी तसे कळविलेही. गांधीजी म्हणजे साने गुरुजींच्या दैवतांपैकी एक. तरीही त्यांनी उपोषण सोडले नाही. दहा दिवसांनी मंदिरप्रवेशाची ग्वाही मिळाली तेव्हाच ते संपले. ज्या शिष्याने गुरूचा आदर अणुमात्र कमी होऊ न देता त्याचा सल्ला नाकारला, त्याच्या ठायी प्रेरणा अनुकरणाच्या पलीकडे गेली होती, हे निराळे सांगावयास नको.

५. मर्यादांचा विचार

येथवरचे विवेचन एकांगी राहू नये यासाठी तीन आक्षेपांचा विचार करणे प्राप्त आहे.

पहिला आक्षेप सामाजिक आहे. स्वधर्म जन्माबरोबर येतो असे म्हटल्यास जन्मावर आधारलेली उच्चनीचता त्यातून समर्थिली जात नाही काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी गीतेवर जी कठोर टीका केली, तिचा रोख चातुर्वर्ण्याच्या या तात्त्विक समर्थनावरच आहे. हा आक्षेप टाळून विद्यापीठीय वर्गात गीता शिकविणे अप्रामाणिकपणाचे होईल. कारण त्याच वर्गात असे विद्यार्थी बसलेले असतात की ज्यांच्या आजोबांस जन्मप्राप्त काम हे सक्तीचे होते. आमच्या मते याचे उत्तर प्रवचनांच्या शब्दांत पूर्णपणे सापडत नाही. ते साने गुरुजींच्या कृतीत सापडते. जवळचे कर्तव्य करू गेलेल्या माणसास जवळचा अन्यायही दिसतो. पंढरपूर ही महाराष्ट्राची जवळचीच जागा. तिचे बंद दार उघडणे हाही स्वधर्म ठरला. 'जे जन्माने मिळाले ते निमूटपणे करीत राहा' हा स्वधर्माचा अर्थ सोडून 'ज्या समाजात जन्मलो त्याचे ऋण आणि त्याचे दोष या दोहोंची जबाबदारी माझी' असा अर्थ घेतला, तरच तो आजच्या तरुणास सांगण्यासारखा राहतो.

दुसरा आक्षेप गुरुभक्तीविषयी आहे. विनोबांनी १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथून भूदानाचे कार्य सुरू केले. १९५४ साली बोधगयेस जयप्रकाश नारायण यांनी त्या कार्यासाठी जीवनदान जाहीर केले. पण १९७४ साली जयप्रकाशांनी विद्यार्थ्यांच्या आंदोलनाचे नेतृत्व पत्करले तेव्हा सर्वोदयाच्या कार्यकर्त्यांत फूट पडली. २५ डिसेंबर १९७४ पासून विनोबांचे वर्षभराचे मौन होते. त्या अवधीत, जून १९७५ मध्ये, आणीबाणी घोषित झाली, आणि 'अनुशासनपर्व' हा विनोबांचा शब्द सरकारी प्रचारात आणीबाणीच्या समर्थनार्थ वापरला गेला. शासन राज्यकर्त्यांचे असते व अनुशासन आचार्यांचे, असा भेद त्यांनी मौन सुटल्यावर स्पष्ट केला. १९७६ च्या आरंभी पवनार येथे आचार्यांचे संमेलनही झाले. परंतु तुरुंगात पडलेल्या तरुणांच्या मनातील व्यथा तेवढ्याने गेली नाही. १९३२ साली तुरुंगातील माणसांस धीर देणारा आचार्य १९७५ साली तुरुंगातील माणसांपासून दूर भासावा, यातील शोकात्मता अभ्यासकाने दडवू नये. आचार्याचा एक विचार मोलाचा ठरला म्हणून त्याचा प्रत्येक शब्द प्रमाण ठरत नाही. किंबहुना जो तरुण असा विवेक करू शकतो त्यालाच त्या आचार्याने काही दिले असे म्हणता येते.

तिसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतः आपली जीवनयात्रा संपविली. त्यामागील कारणांचा ऊहापोह करण्याचे हे स्थळ नव्हे आणि तसा अधिकारही कोणास नसावा. परंतु एवढे नमूद केले पाहिजे की फलत्यागाची प्रवचने ज्याने आपल्या हातांनी लिहून घेतली, त्याच्याही वाट्यास असह्य निराशा आली. थोर विचार हा माणसाच्या सोबतीस पर्याय होऊ शकत नाही. ज्या विद्यार्थ्याचे मन खचले आहे त्यास ग्रंथ हाती देऊन आपले कर्तव्य संपले असे शिक्षकाने मानू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याचे ऐकावे आणि अवश्य तर त्यास वैद्यकीय साहाय्य मिळवून द्यावे. हेही जवळचेच कर्तव्य होय.

६. उपसंहार

आता पाचोऱ्याच्या त्या प्रश्नाकडे वळू. परीक्षा सोडून द्यावी असे विनोबांच्या चरित्रावरून कोणी म्हणेल, कारण ते स्वतः परीक्षेच्या वाटेवरून सुरतेस उतरले. पण ते अनुकरण होईल. साने गुरुजींनी आपले शिक्षण पुरे केले, शिकविले आणि वेळ येताच शाळा सोडली. दोघांनी निरनिराळे निर्णय घेतले. निर्णय मात्र दोघांचे स्वतःचे होते. परीक्षेस बसावे की न बसावे हे गीता ठरवीत नाही.

मग फलत्यागाचा विचार त्या विद्यार्थ्यास काय देऊ शकतो? प्रथम तो त्यास निकाल आणि योग्यता यांत अंतर करावयास शिकवितो. शेकड्यांतून एकाची निवड होणार असेल तर उरलेल्या नव्याण्णवांचा अभ्यास व्यर्थ ठरत नाही. इतिहास, राज्यघटना, अर्थशास्त्र यांचा जो परिचय झाला तो त्यांचाच राहतो, मात्र अभ्यास केवळ गुणांसाठी झालेला नसावा. दुसरे असे की तो विचार त्याचे लक्ष दूरच्या निकालावरून आजच्या पानाकडे वळवितो, आणि आजचे पान हीच एक गोष्ट खरोखर त्याच्या हाती असते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जवळ पाहण्याची दृष्टी. परीक्षेच्या तयारीत पाच-सात वर्षे काढणाऱ्या तरुणास आपले गाव जणू सोडून जाण्याचे एक स्थानक वाटू लागते. त्याच गावात विहिरींचे पाणी खोल जात आहे, कापसाच्या उत्पन्नाचा ताळेबंद कोणी मांडलेला नाही, धाकट्या मुलांस गणित समजावून देणारे कोणी नाही. यांतील एखादे काम आठवड्यातून दोन तास त्याने हाती घेतले तर त्याचा अभ्यास बुडणार नाही. उलट निकाल काहीही लागला तरी आपण निरुपयोगी नाही, ही खात्री त्यास राहील.

त्या दिवशी वर्गात प्रस्तुत लेखकाने दिलेले उत्तर पुस्तकी होते, आणि विद्यार्थी "बरं, सर" म्हणून खाली बसला. आज तो भेटल्यास त्याला उत्तर देण्याआधी एकच विचारावेसे वाटते, "तुझ्या हाती सध्या काम कोणते आहे?" धुळ्यातील श्रोत्यांजवळ या प्रश्नाचे उत्तर होते; म्हणूनच अठरा रविवारांची ती वाणी त्यांच्यापर्यंत पोचली. आपल्या विद्यार्थ्यांपाशी ते असावे यासाठी विद्यापीठाने, विभागाने आणि आपण अध्यापकांनी काय करावे, याचा विचार झाला तर प्रस्तुत विवेचनाचे सार्थक होईल.